बाजाराच्या दिवशी पाहिलेलं गोदाम

देवावर माझा विश्वास होता, स्वतःवर नव्हता. नांदेडच्या, जागांची दलाली करणाऱ्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून मी हिंगोलीत स्वतःचं कार्यालय उघडलं तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. फक्त दुकानं, गोदामं, कार्यालयांच्या जागा, आणि त्याही आपल्याच भागातल्या, असं ठरवलं होतं. ओळखीचे दलाल हसायचे. "इथं गाळा लागला तर माणूस साडूला विचारते, तुला काहून विचारील?" असं एकानं तोंडावरच म्हटलं. कित्येक महिने एकही व्यवहार झाला नाही. बायको काही विचारत नव्हती, त्याचीच टोचणी जास्त लागायची.

मग एका बियाणे कंपनीच्या व्यवस्थापकांना कळमनुरीत भाड्यानं गोदाम हवं झालं. मला कांबळे बाईंचं गोदाम आठवलं. बाई निवृत्त शिक्षिका, माझी त्यांची एकदाच भेट झालेली. गोदाम उंच, कोरडं, भक्कम. खोट एकच. आठवडी बाजार थेट त्याच्या फाटकापर्यंत भरतो आणि त्या दिवशी ट्रक आत जाऊ शकत नाही. आमच्या धंद्यात अशी जागा बाजाराचा दिवस सोडून दाखवतात. मीही तसाच दिवस निवडला. त्या सकाळी औंढ्याला जाऊन नागनाथापुढे हात जोडले, एवढा सौदा होऊ दे म्हणालो. मी काय झाकून मागतोय हे त्याला ठाऊक होतं. लाज वाटली, पण बेत बदलला नाही.

मोकळा रस्ता पाहून व्यवस्थापक खूश झाले. ते इसाराच्या रकमेचं बोलू लागले, तेवढ्यात किल्ली घेऊन आलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आज काय पाहून राहिले तुमी? बाजाराच्या दिवशी या. भाजीवाल्या इथं फाटकाला टेकून बसतात. त्यायला मी उठवत न्हाई अन् तुमालाबी उठवू देणार न्हाई. पटलं तर घ्या."

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

'नाही' हा शब्द ओठांवर आलाच होता. पण बाईंकडे नजर गेली. चांगलं भाडं हातचं जात होतं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही धास्ती नव्हती. असं निर्भय माणूस मी आमच्या धंद्यात पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला आज आणलं."

ते गाडीत बसून निघून गेले. आपल्या कार्यालयाला आता कुलूप लागणार, असं मी धरून चाललो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांचाच फोन आला. मी धावत गोदामावर पोहोचलो, तर बाईंनी दिलेल्या खुर्चीवर, मेथीच्या जुड्यांच्या मधोमध बसून ते चहा पीत होते. म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस गाडी आणायची नाही, एवढंच ना? आम्हाला आखाडा बाळापूरलाही जागा लागेल. तिथली खोट आधी सांगा."

मी बाईंना म्हणालो, त्या दिवशी तुमच्या तोंडून नागनाथच बोलला. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. त्या हसल्या. "मला तं कोणी काही सांगितलं न्हाई बा. जे हाय ते बोलले मी. तुमीबी बोललेच की."

मी वाद घातला नाही. माझ्यासारख्याच्या तोंडून खरं निघालं, ती कृपा कोणाची, हे माझं मला माहीत आहे. आता नवी जागा दाखवायला नेताना आधी तिची खोट सांगतो. जीभ अजूनही अडखळते. ऐकून गिऱ्हाईक थांबेल की निघून जाईल, हे नागनाथावर सोपवलं आहे. तेव्हापासून मला झोप लागते.