संत्र्याच्या सालींचा डबा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कॉफी गाळत होतो. श्रीखंडाचा चक्का टांगतात तसं फडकं नळाला बांधलेलं, खाली काचेची बाटली, आणि थेंब थेंब काळं पाणी पडत होतं. "भाऊजी, लवकर या, हे उठून नाही राह्यले..." दुपारी आडवा झालेला मधुकर उठलाच नाही. सगळं उरकून परत आलो, तर बाटली काठोकाठ भरली होती.

मधुकर माझा शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र. कारंजाच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे ठोके चुकू लागले. डॉक्टरांनी चहा-कॉफी बंद केली आणि वहिनींनी घरातली चहापत्तीच काढून टाकली. त्याच सुमारास माझ्या मुलीने मला फोनवर ही थंड कॉफी शिकवली होती. जाडसर दळलेली पूड, दोन वेलच्या, संत्र्याची वाळवलेली साल, सगळं गार पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. मधुकर रोज तीनला येऊ लागला. पहिल्या दिवशी मी अडवलं, तर म्हणाला, "डॉक्टरनं गरम बंद केलं, हे त थंड हाये!" मीही हसलो. बायको गेल्यापासून मी एकटा राहतो. तीनची वेळ त्याच्यामुळे निघायची, हे आज लिहायलाच हवं.

खरं तर हा अर्क असतो, त्यात निम्मं पाणी घालायचं असतं. मधुकरला ते चालेना. "पानी काय घरी नाही भेटत मले?" मी पाणी कमी करत गेलो. मे लागला तेव्हा त्याच्या हातातल्या ग्लासात बर्फ आपोआप वाजायचा. एकदा छातीवर तळवा ठेवून म्हणाला, "आत पारवा फडफडून राह्यला लेका... तुया वहिनीले सांगू नको." मी सांगितलं नाही.

वहिनींनीच मला गल्लीत गाठलं. "भाऊजी, यायले रातभर झोप नाही. तुमच्याकडं काय पेतात हे?" त्याच्या तोंडाला संत्र्याचा वास यायचाच. "संत्र्याचं शरबत," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मधुकर हसू दाबत एक डबा घेऊन आला. वहिनींनी गच्चीवर साली वाळवून पाठवल्या होत्या, शरबतासाठी. पुढे दर आठवड्याला डबा येत राहिला, आणि त्या साली मी कॉफीत टाकत राहिलो.

नेमकं कशामुळे झालं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. या वाक्याच्या आड मी महिनाभर लपलो. मग परवा दुपारी तीनला वहिनी आल्या, हातात भरलेला डबा. "मलेही एक गिलास करून द्या भाऊजी. लय नाव काढत हे त्याचं."

मी फ्रीज उघडला. त्या दिवशीची बाटली मागे तशीच होती. बर्फ घालून ग्लास भरला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, शरबत नव्हतं ते."

त्यांनी ग्लास उचलला, वास घेतला, खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे साली मी वाळवत होती, अन्..." वाक्य तिथेच राहिलं. डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा घेऊन निघून गेल्या.

मी अंधारेपर्यंत त्या ग्लासासमोर बसून होतो. बर्फ वितळून त्यात निम्मं पाणी झालं होतं. तेवढंच तर घालायचं होतं...