पायांना कळणारी भिंत

मिकराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून डून लेरीला परतत होते, डार्टमध्ये, म्हणजे डब्लिनच्या लोकलमध्ये, उभी. "संपलं, लव्ह," त्यांची बायको नोरा एवढंच म्हणाली. महिनाभर याच फोनची धास्ती होती मला...

मिकराव हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं. आमच्या शेजारचे हे आयरिश गृहस्थ पोरवयात बॉस्टनला मामाकडे गेले आणि चक्क व्यावसायिक बेसबॉल खेळले! आउटफिल्डर, म्हणजे आपल्या भाषेत सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक. भिंतीवर आदळत झेल घेण्यात त्यांनी नाव कमावलं आणि डोक्याला बसलेल्या त्याच धडकांनी खेळ सुटला. नोराचा हात धरून ते मायदेशी परतले. आमच्या रविवारच्या क्रिकेटवाल्या इंजिनिअर मंडळींना उंच झेल शिकवले ते त्यांनीच. "चेंडू डोक्यावरून चाललाय ना? मग पाठ फिरव आणि पळ. भिंतीकडे बघायचं नाही."

"दात पडतील की, मिक!" समीर, माझा नवरा, कळवळून म्हणाला होता. त्यावर ते खो खो हसले. बेसबॉलच्या मैदानात भिंतीच्या अलीकडे खडीचा पट्टा असतो म्हणे. गवत संपून खडी लागली, की पायांना कळतं, आता थांबायचं.

२०१६च्या हिवाळ्यात त्यांना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग माणसं. आणि मग दुपारी परसात ते न दिसणाऱ्या चेंडूमागे धावायला लागले. परसाच्या टोकाला गुडघ्याएवढी भिंत आणि पलीकडे खाली रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. नोराने काय करावं? भिंतीलगत खडीचा पट्टा अंथरला! पाय खडीवर पडले की मिकराव थबकायचे, हाताने भिंत चाचपायचे आणि चहा मागत घरात जायचे. घरून काम असलं की मी कान तिकडेच लावून बसायचे. खडी करकरली की माझा जीव भांड्यात पडायचा.

मग मुलगा आला अमेरिकेहून. बापावर जीव होता त्याचा, नाही कोण म्हणतं? "डॅड खडीवर घसरतील," म्हणून त्याने थेट भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशी घातली. सगळी गल्ली 'ग्रँड, ग्रँड' म्हणत वाहवा करत होती. नोराने परोपरीने सांगून पाहिलं.

"मॉम, त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. खडी काय आठवणार?"

"त्यांना नसेल, त्यांच्या पायांना आठवते ना!" मी कुंपणावरून म्हटलं. तो नुसता हसला. शहाणाच मोठा!

तो परत गेला. नोरा मागच्या दाराला कुलूप लावून दिवसभर पहाऱ्यावर बसायची. एका दुपारी कपडे वाळत घालून ती आत आली, तेवढ्यात पुढची बेल वाजली. कुलूप राहिलं. मला पावलं ऐकू आली, धावणारी. मी हातातलं काम थांबवून करकर ऐकू यायची वाट बघत राहिले... आली नाही. ब्युमॉन्ट हॉस्पिटलला नेलं, डोक्याचं ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत.

परवा नोराकडे चहाला गेले होते. बाहेर वाऱ्याने काहीतरी धाडकन पडलं. नोराने कप टाकला, मागचं दार उघडलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "भिंत, मिक! भिंत!"

मग दाराची कडी धरून ती तशीच उभी राहिली. ते परसातून चहाला आत यायचे तेव्हा उभी राहायची, तशी.