माझ्या फोटोखाली त्याचं नाव

नव्या कॅलेंडरच्या शाईचा वास आला की उमरखेडचा तो फोटो स्टुडिओवाला आठवतो आणि डोकं तापतं. पैनगंगेच्या पुराचा माझा फोटो त्याने स्वतःच्या नावाने कॅलेंडरवर छापला होता. दुकानात जाऊन मी जाब विचारला, तर म्हणाला, “नेटवर तुमीच फुकट टाकला ना? मंग आता कायले भांडून राह्यल्या?” मी म्हटलं, “वापराले ना नाही, पण काढणाऱ्याचं नाव द्या, असं खालीच लिहिलं हाये.” “ते कोन वाचते, बाई?” म्हणत तो गिऱ्हाइकांसमोर हसला. मी काउंटरवरचा मार्कर उचलला आणि समोरच्या एकेका कॅलेंडरवर त्याचं नाव खोडून माझं लिहीत गेले. तो नुसता ओरडत राहिला. आजही माझे फोटो मी नेटवर ‘कुणीही वापरा, फक्त नाव द्या’ अशा खुल्या परवान्यानेच टाकते. तो परवाना सगळ्यांसाठी असतो, म्हणजे त्याच्यासाठीही, आणि तेवढंच मला सलतं.