सगीराआपाचा जास्तीचा पाटा

हर्सूल सोडून जळगाव रोडला लागलं की सगीराआपाचं पाट्यांचं दुकान दिसतं. पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडी सगळा भार वाहते ती त्यांच्या जिवावर. दुकानावर नाव करीमभाईंचं आहे, पण खांदा निकामी झाल्यापासून ते भट्टीजवळ स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याला चहा अन् सल्ला देतात. घण मारते ती त्यांची बायको सगीराआपा. बाईच्या हातात घण बघून दात काढणारे लोक या रस्त्यावर लई होते. आपानं एकेकाला गाडीसकट माघारी धाडलं, तेव्हापासून दात कमी दिसतात आणि गिऱ्हाईक वाढलंय.

आपाचा एक शिरस्ता आहे. गिऱ्हाईक वजन सांगतं, आपा मान हलवते आणि मनात दुप्पट धरते. उगाच नाही धरत. सिल्लोडचे मकावाले असोत की पिशोरचे अद्रकवाले, आपाला वजन सांगताना असं बोलतात जसा काही समोर आरटीओच उभा आहे. दीड टन म्हणायचं, तीन टन भरायचं, आणि पाटा मोडला की शिव्या आपाला. इतक्या वर्षांत तिला खरं वजन सांगणारा माणूस भेटलाच नव्हता.

अशा दुकानात पद्मजाबाई आल्या. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं, आता निवृत्त. त्यांच्या पिकअपच्या मागं आकड्याला अडकवलेली एक छोटी घरगाडी होती. आत दोन बिछाने, शेगडी, भांडी घासायची मोरी, खिडकीला फुलाफुलाचा पडदा. आपानं आत डोकावून बघितलं आणि मनात म्हणाली, माझ्या माहेरच्या घराला एवढा सरंजाम नव्हता.

घरगाडी अडकवली की पिकअप मागून बसायची आणि तिचे दिवे रस्ता सोडून झाडांवर पडायचे. तेवढं नीट करून हवं होतं. खरी गोष्ट बाईंनी नंतर हळूच सांगितली. त्यांचे यजमान अनंतराव पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून सोफा सोडत नव्हते. फिरावं म्हणून बाईंनी हौसेनं घरगाडी बांधून घेतली, तर त्यांनी अट घातली. एकदा फर्दापूरला जाऊन येऊ. पाठ दुखली तर घरगाडी विकायची. घेणाराही त्यांनी शोधून ठेवला होता.

बाईंनी वजन सांगितलं. घरगाडी आठशे किलोची, पण पिकअपच्या आकड्यावर त्यातलं ऐंशीच येतं, बाकीचं तिची स्वतःची चाकं तोलतात. आपानं मान हलवली. मनात दुप्पट धरलं आणि तेवढ्याचे पाटे बसवले. मग त्या शेगडीकडं, मोरीकडं पुन्हा एकदा बघितलं आणि वरून आणखी एक पाटा चढवला. करीमभाई म्हणाले, जरा जास्त होतंय. आपानं त्यांना चहा थंड होतोय म्हणून सांगितलं.

पिकअप गेली ती मागचा भाग उचलून, लाथ मारायच्या तयारीतल्या घोड्यासारखी. आणि परत आली ती फर्दापूर न बघताच, अर्ध्या वाटेवरून. मागच्या सीटवर अनंतराव आडवे होते. फुलंब्रीच्या पुढं प्रत्येक खड्ड्याला गाडी त्यांना छताकडं भिरकावत होती म्हणे.

आपाचा पारा चढला. चूक दुसऱ्याची असली तर चढतो, स्वतःची असली तर जास्त चढतो. वजन खरं सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती, असं तिनं सुनावलं. पद्मजाबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मी खरंच सांगितलं होतं."

"मग चला काट्यावर," आपा म्हणाली.

जाधववाडीच्या वजनकाट्यावर आधी नुसती पिकअप चढवली. मग घरगाडी अडकवून, पण तिची चाकं काट्याबाहेर ठेवून. फरक निघाला ऐंशी किलोंचा. आपानं काटेवाल्याला काटा बिघडलाय का विचारलं. तो नाय म्हणाला. पुन्हा तोललं, तरी ऐंशीच.

आपानं वजनाची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरं बोललात, तिथंच घोटाळा झाला."

पद्मजाबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. घेणारा माणूस उद्या संध्याकाळी फोन करणार होता. आपा म्हणाली, उद्या सकाळी गाडी घेऊन जा, आणि मीपण येते.

दुकानात येऊन तिनं चढवलेले सगळे पाटे उतरवले. करीमभाईंनी तोंड उघडायच्या आतच बजावलं, "तुम्ही सांगितलं होतं ते मला आठवतंय. पुन्हा सांगू नका." मग एकच पातळ पाटा निवडला, जवळजवळ सरळ, आणि सगळ्यांत खाली बसवला. भार आला की वरचे पाटे त्याच्यावर टेकतील, भार नसला की तो आपला गप्प राहील. करीमभाईंच्या मनात हेच होतं. ते फक्त हसले, आणि तेही चहाच्या कपाआड.

सकाळी अनंतराव बसायला तयार होईनात. माझी पाठ म्हणजे प्रयोगशाळा नाही, असं त्यांनी बायकोला ऐकवलं. आपा दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली.

"साहेब, दणका मागं जास्त लागतो. आधी मी ओरडीन, मग तुम्ही ओरडा."

अनंतराव पुढं, गाडी चालवणाऱ्या पद्मजाबाईंशेजारी बसले, दोन्ही हातांनी कडी धरून. फुलंब्री आली, गेली. आपा कान टवकारून पाट्यांचा आवाज ऐकत होती. सिल्लोड गेलं. अनंतरावांनी कडी सोडली तेव्हा आपाच्या जिवात थोडा जीव आला. अजिंठ्याचा घाट उतरताना मात्र ते अगदीच गप्प झाले आणि त्यांची मान खाली गेली. आपाला वाटलं, संपलं. विचारायची हिंमत तिला होईना, आणि ही बाई भररस्त्यात तहसीलदाराला अडवून जाब विचारणारी. पद्मजाबाईंनी तिरक्या नजरेनं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. अनंतराव घोरत होते.

फर्दापूरला गाडी थांबली तसे ते जागे झाले, आणि का थांबवली म्हणून चिडले. पद्मजाबाई म्हणाल्या, ठरल्याप्रमाणं आता मागं वळायचं.

"एवढं घर ओढत आणलं ते वळायला?" अनंतराव म्हणाले. "जळगाव किती राहिलं?"

पद्मजाबाईंनी रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाकडं बोट दाखवलं. अनंतरावांनी खिशातून फोन काढला, संध्याकाळची वाट न बघता स्वतःच त्या घेणाऱ्या माणसाला लावला आणि घरगाडी विकायची नाही असं सांगून ठेवून दिला.

"तुम्ही खुशाल जळगावला जा," आपा म्हणाली, "पण आधी मला एस.टी.त बसवून द्या. भट्टीजवळ आमचा माणूस एकटाच सल्ले देत बसलाय."

अनंतराव खाली उतरले, आपाची पिशवी तिच्या हातातून घेतली आणि तिच्या पुढं दोन पावलं, ताठ, स्टँडकडं चालू लागले.