नववी लाट आणि फ्लेमिंगो

मंडळी, आज सकाळी चेन्नईतल्या अड्यारहून जवळच्याच कोवलमला गेलो होतो. एकावन्नाव्या वर्षी मी सर्फिंग शिकायला समुद्रात आणि नवरा फोटो काढायला किनाऱ्यावर.

आठ वेळा आपटले. नाकातोंडात पाणी, गुडघे सोललेले. नवव्या लाटेवर मात्र चक्क उभी राहिले, तीन सेकंद तरी. हसून किनाऱ्याकडे पाहिलं, तर नवऱ्यासकट सगळ्यांच्या माना वर. खाडीवरून फ्लेमिंगोंचा थवा चालला होता.

बाहेर आले तर नवरा विचारतो, "अगं, फ्लेमिंगो दिसले का तुला?"

मला शिकवणारी सेल्वी, तिथल्याच कोळ्यांची मुलगी, हळूच म्हणाली, "अक्का, नान पार्त्तेन." म्हणजे, मी पाहिलं.

फोटो नाही, पण साक्षीदार आहे. तुमच्या कुठल्या पराक्रमाच्या वेळी घरच्यांच्या माना वर होत्या?