शेवंताच्या गुडघ्यातलं वंगण

इसम नामे धर्मा सोनू घाडी. पेशा : तेलवाला, सूतखाते; खाते गिरणीसकट बंद. राहणार डिलाईल रोड, चाळीचा तिसरा मजला. सदर इसमास वंगणाचे सर्वांगीण ज्ञान असून घरातील यावत् हलत्या वस्तू त्याचे देखरेखीखाली आहेत.

त्या वस्तूंत बिजागऱ्या होत्या, शिलाईचं मशीन होतं आणि आता बायको शेवंताही होती. जिन्यावर तिचे गुडघे करकरायला लागले तशी धर्माने तिला खाटेवर बसवली आणि रोज कोमट तेल चोळायला घेतलं. चोळून झालं की बेअरिंगला लावावा तसा गुडघ्याला कान लावायचा.

"गुडघो काय म्हणता, भावजी?" शेजारची नलू दारातूनच विचारायची.

"तेल मागता."

"बाजारात जाऊक मागता," शेवंता म्हणायची.

"साचो चाललो की झिजता. गप बस." धर्मा गिरणीतल्या यंत्राचा दाखला द्यायचा.

कोळणींशी मनसोक्त हुज्जत घालून बांगडे आणणं, हाच शेवंताचा दिवस. आता नलूने आणलेले मासे ती उलटसुलट करून बघायची आणि काही बोलायची नाही. हळूहळू मोरीपर्यंत जाणंही जड झालं. "आता काय मी खाली उतरत नाय," ती एकदा अगदी शांतपणे म्हणाली. त्या शांतपणालाच धर्मा घाबरला. चाळीतल्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं आणि टॅक्सीने इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. तिने तेलाची हकिकत ऐकून घेतली, हसली नाही.

"चोळा, आजोबा, बरं वाटतं. पण ते आत पोचत नाही. आतलं वंगण पाण्याचं असतं."

"दाब पडला की पाणी पळतं, बाई."

"म्हणून तर त्याला धरणारं कोणी लागतं. हाडाच्या टोकाला कूर्चा असते. तिच्यावर चरबीच्या पिशव्यांचे थर, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या पाणी अंगाशी घट्ट धरतात. आजींचं सगळं वजन आलं तरी ते निसटत नाही, आणि थरावरून थर अलगद सरकतो. झिजलंय ते मला परत आणता यायचं नाही. पण उरलंय त्याला चालण्यातूनच खाणं मिळतं. बसवून ठेवलंत तर तेही जाईल."

धर्माला गिरणी आठवली. गिरणी कामगारांचा संप मोडल्यावर सूतखात्यातले साचे पुन्हा चालू करायला त्याला आत घेतलं होतं. इतके दिवस बंद राहिलेले ते साचे मुळीच झिजले नव्हते. गंजले होते, जागच्या जागी धरले होते. तेलाची अख्खी कुपी रिकामी केली तरी सूत कातणारी एक चाती हलेना. हे सगळं त्याच्या हातांना ठाऊक होतं. घरी मात्र सुचलं नव्हतं.

"उद्यापासून जिनो," तो टॅक्सीत म्हणाला.

"आता आठवला?" खिडकीबाहेर बघत शेवंता म्हणाली.

मग रोज तो एक पायरी पुढे, तोंड तिच्याकडे करून उलटा उतरू लागला. तिचे हात त्याच्या खांद्यांवर. आधी अर्धा जिना, मग एक मजला. गुडघे करकरत राहिले. त्याने कान लावणं सोडलं. दिवाळीच्या आधी एका सकाळी ती थेट तळाला पोचली आणि खांद्यावरचे हात काढून घेतले.

"तुम्ही वर जावा. मी येतंय."

सदर इसम त्या दिवशी दुपार टळेपर्यंत उपाशी होता. बायको बाजारात भांडत होती.