नकाशावर आलेलं दुकान

कर्वेनगरातल्या एका आतल्या गल्लीत त्या बाई कुकर-मिक्सर दुरुस्त करायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मोठ्या रस्त्यावरची जुनी इमारत पाडली, तेव्हा त्यांना दुकान इथे आणावं लागलं आणि गिऱ्हाईक तुटलं. मोबाईलच्या नकाशावर शोधणाऱ्यांना दुकान दिसावं म्हणून त्यांनी नकाशावाल्या कंपनीकडे अर्ज केला, तर उत्तर आलं की असं दुकान आढळत नाही.

"मी आत बसलेय आणि हे म्हणतात दुकानच नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

दुकान खरंच आहे आणि आपलंच आहे, याचा पुरावा म्हणून कंपनीला व्हिडिओ पाठवायचा होता. मी कुकर घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी त्यासाठी मुद्दाम शटर लावलं होतं.

"थांबा जरा. कुकर कुठे पळत नाही."

पदर खोचून त्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि मोबाईल समोर धरून बोलत आल्या, "ही गल्ली. हा बोर्ड. ही किल्ली, माझीच." मग कुलूप काढून एका हाताने त्यांनी शटर वर ढकललं.

पुढच्या आठवड्यात मी कुकर आणायला गेलो, तर एक गृहस्थ मिक्सर घेऊन दारात उभे.

"कुणी पाठवलं आपल्याला?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. आम्ही इथे नवीन आहोत. मोबाईलवर शोधलं, तुमचं दुकान आलं."

बाईंनी त्यांना स्टूल दिलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. "आजवर माणसं कुणाच्या तरी ओळखीनं यायची. हे दुकानाच्या नावावर आले."

मिक्सर उघडताना त्या गुणगुणत होत्या. माझा कुकर द्यायचं त्या साफ विसरल्या, आणि मीही आठवण करून दिली नाही.